दुपारच्या बायका आणि एक जुनी गोळी

आमच्या औषधाच्या दुकानात ‘लघवी’ हा शब्द कुणी उच्चारत नसे. पुरुष माणूस आला की इकडेतिकडे बघून करंगळी वर करायचा आणि डोळ्यांनीच विचारायचा, आहे का काही? मग जळजळते, अडते की थांबतच नाही, हे आपण चेहऱ्यावरून ओळखायचं. करंगळी एकच आणि दुखणी दहा. बायका तर तेवढीही दाखवत नसत. त्या दुपारी यायच्या.

दुपारी यायच्या, कारण तेव्हा गल्ल्यावर मी असायची. हे दुकान माझ्या सासऱ्यांनी भंडाऱ्याच्या बाजारात, पितळी भांड्यांच्या दुकानांना लागून काढलेलं. मी नागपूरची. फार्मसीची पदविका घेतली आणि लगेच लग्न होऊन इथे आले. सत्तरच्या दशकात आमच्या जिल्ह्यात औषधाच्या दुकानात बाई दिसणं म्हणजे नवलच होतं. काही गिऱ्हाइकं मला बघून पायरीवरूनच परत जायची आणि ‘मालक केव्हा येतात’ असं बाजूच्या भांडेवाल्याला विचारायची. मालक, म्हणजे आमचे हे, बाराच्या ठोक्याला घरी जेवायला जात आणि जेवण झालं की घोरायला लागत. भांड्यांवरची ठोकाठोकही तेवढ्यात थांबलेली असायची, कारागीर मंडळी डबे उघडून बसायची. रस्ता शांत व्हायचा. हे उठून येईपर्यंत दुकान माझं, आणि माझ्यामुळे बायकांचं.

आजच्या मुलांना सांगून खरं वाटत नाही, पण तेव्हा अर्धं औषध आम्ही दुकानातच तयार करायचो. डॉक्टर चिठ्ठीवर घटक लिहीत, आम्ही ते मोजून बाटलीत मिसळत असू. बाटलीवर कागदाची नक्षीदार कातरलेली पट्टी चिकटवायची, एक खाच म्हणजे एक डोस. गोळ्या मोठ्या डब्यात येत आणि पुडीतून जात. माझ्या पुड्या अशा घट्ट असायच्या की एस्टीच्या टपावर टाकल्या तरी सुटल्या नसत्या. ही बढाई नाही. म्हणजे थोडी आहे.

त्या डब्यांपैकी एक डबा प्रोपॅन्थेलीनचा होता. गोळी इवलीशी, वरून साखरेचं कवच. मुळात ती पोटाची गोळी, अल्सरच्या माणसाचं आम्ल कमी करायची, आतड्याचा पीळ सोडवायची. पण तीच मूत्राशयालाही शांत करते, हे डॉक्टरांना ठाऊक होतं. मूत्राशय ही भोवती स्नायू असलेली एक पिशवी. भरत आली की वर निरोप पाठवायचा आणि मालकाच्या परवानगीची वाट पाहायची, एवढंच तिचं काम. काहींची पिशवी, विशेषतः दोन-चार बाळंतपणं झालेल्या बायकांची, वाट पाहायला तयार नसते. अर्धी भरली की आवळायला लागते आणि मग संडासापर्यंत पोचायलाही सवड देत नाही. आवळण्याचा जो निरोप स्नायूला जातो, तो ही गोळी मध्येच अडवायची.

मी लोकांना सोपं करून सांगायची की ही धोतऱ्याच्या गोत्रातली आहे. कारखान्यात बनलेली असली तरी वळण तेच. धोतरा आमच्याकडे शेतांच्या धुऱ्यांवर, म्हणजे बांधांवर, कुठेही उगवतो. त्याचं बी पोटात गेलं तर तोंड सुकतं, बाहुल्या मोठ्या होतात, घाम आटतो आणि लघवी तुंबते, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही माहीत. ही गोळी हे सगळं थोडं थोडं करायची, फक्त वेड लावत नसे. तिच्याआधी ते काम बेलाडोनाचा अर्क करायचा, तपकिरी बाटलीतून थेंबाथेंबानं. तोही त्याच गोतावळ्यातला.

म्हणून ती देताना मी तोंडाचा पट्टा सोडायची. डोळ्यांत काचबिंदू आहे का? मे महिन्यात तेंदूपत्ता तोडायला जंगलात जाणार असाल तर आधी डॉक्टरांना विचारा, घाम न येता आमच्या उन्हात फिरणं म्हणजे जिवाशी खेळ. आणि म्हाताऱ्या पुरुषांनी तर आपल्या मनानं हात लावायचाच नाही. पुरुषाच्या मूत्राशयाच्या तोंडाशी एक ग्रंथी असते. म्हातारपणी ती फुगते आणि वाट आवळते. पिशवी कधी पुरती रिकामी होत नाही, म्हणून सारखं थेंब थेंब येतं. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं की याची थांबत नाही. खरं तर याची निघत नसते. अशा माणसाला ही गोळी दिली तर उरलीसुरली ताकदही जाते आणि सगळं ठप्प होतं.

लोक ऐकून घ्यायचे आणि घरी जाऊन स्वतःच्या मनाचं करायचे. गावातले एक भजनी बुवा पोटासाठी ती घ्यायचे. एका सकाळी तणतणत आले. ‘बाई, तुमच्या गोळीनं माहा सूर खाल्ला. ऐन रंगात जीभ टाळूले चिकटली, टाळकरी माह्या तोंडाकडे पाहून राहिले.’ मी म्हटलं, बुवा, भजनाच्या आधी घेऊ नका आणि तोंडात खडीसाखर ठेवा. तेव्हापासून ते गाण्याआधी खडीसाखर तोंडात टाकायचे. पुढे त्यांच्या मंडळात सगळेच टाकायला लागले, दुखणं असो वा नसो.

सुभद्राबाई आल्या त्या डोकेदुखीची गोळी मागत. दुपारचीच वेळ, थंडीचे दिवस. पन्नाशी ओलांडलेली, उंच, कोंढ्याची शेतकरीण. गोळी दिली तरी जाईनात. पायरीवर बसून राहिल्या, दुसरं गिऱ्हाईक गेलं आणि मग म्हणाल्या, ‘ताई, डोकं नाही दुखत.’

‘मग काय दुखतं?’

‘दुखत काहीच नाही. थांबत नाही.’

कोंढा ते भंडारा या प्रवासासाठी त्यांनी आदल्या संध्याकाळपासून पाणी तोंडात घेतलं नव्हतं. तरीही मध्येच पहेला गावाला उतरावं लागलं होतं आणि मागच्या गाडीची वाट पाहत बसावं लागलं होतं. ओठ फुटून सालपटं निघालेली. शेतात काही अडत नाही, म्हणाल्या. धुऱ्याच्या आड गेलं की झालं. अडतं ते एस्टीत.

‘लाखांदूरले माही पोरगी हाय, शकुन. तिले भेटून परत येऊन राहिली होती. वाटेत आलं ते आलंच. गाडी माणसाईनं भरून. कंडक्टरले म्हणू तं कशी म्हणू?’

‘मग?’

‘झालं बसल्या जागी. हातात पाण्याचा गडवा होता, तो मी मांडीवर उपडा केला. लोकाईले वाटलं पाणी सांडलं. बाजूची बाई म्हणे, बुडे, धड धरता नाही येत का.’

हे त्या अगदी शांतपणे सांगत होत्या. मला मात्र गल्ल्यावरची कात्री उगीच इकडची तिकडे करावी लागली.

त्यानंतर तीन वर्षं त्या लाखांदूरला गेल्या नव्हत्या. मधल्या काळात शकुनचं पहिलं बाळंतपण झालं. सासू अंथरुणाला खिळलेली म्हणून पोरगी माहेरी येऊ शकली नाही, आणि आईही गेली नाही. कधी धान कापणीचं कारण, कधी गुरांचं. पोरगी बोलायची बंद झाली. आता दुसरं बाळंतपण होळीच्या सुमारास होतं. सासू वारलेली, घरात बाईमाणूस नाही. शकुननं गावच्या माणसाकरवी निरोप धाडला होता, यायचं असंन तं ये, नाही तं मी समजीन माही आई मेली.

‘तिला खरं कारण का नाही सांगितलं?’

‘जावयाच्या घरी असं सांगता येते का, ताई?’

मी त्यांना बाजूच्या डॉक्टरसाहेबांकडे घेऊन गेले. साहेब वयस्क, मितभाषी, चांगला माणूस. ते सुभद्राबाईंना विचारायचे, सुभद्राबाई माझ्याकडे बघायच्या आणि उत्तर मी द्यायची. लघवी तपासली, साखर नव्हती, पू नव्हता. डोळ्यांचं विचारून झालं. मग त्यांनी प्रोपॅन्थेलीन लिहून दिली, जेवणाआधी उपाशीपोटी घ्यायची, आणि प्रवासाच्या आधी काही दिवस घरीच घेऊन बघायची. मी पुडी बांधताना माझं पुराण लावलं. शेवटी म्हटलं, ही घरात दुसऱ्या कुणाला द्यायची नाही.

‘कोणाले देतो बाई. कोणाले सांगतलंच नाही तं.’

पंधरवड्यानं आल्या तेव्हा ओळखूच येईनात. पायरीवर न बसता थेट गल्ल्याशी आल्या. ‘ताई, परवा लगनात पंगतीले बसली अन् शेवटचं ताक पिऊन उठली. मधात एकडाव उठली नाही. तोंड मात्र असं सुकते का घास फिरत नाही.’

‘मग पाणी प्या की. आता भिता कशाला?’

‘सवय गेली ना, बाई,’ त्या म्हणाल्या आणि हसल्या. पुढच्या पुडीत लाखांदूरच्या मुक्कामाला पुरतील एवढ्या गोळ्या बांधून घेतल्या. जायचा दिवस ठरला होता.

त्याच्या आदल्या दुपारी आमच्या दुकानासमोर एका राइस मिलचा ट्रक थांबला. मागून अर्धं कोंढा उतरलं. चौघांनी मिळून एका म्हाताऱ्याला खाली घेतलं. सुभद्राबाई मागे होत्या, पदर डोक्यावरून घसरलेला. म्हातारा म्हणजे त्यांचे यजमान, डोमाजी. ओठ कोरडे ठणठणीत, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या आणि बेंबीखाली पोट टणक फुगलेलं.

‘काही नाही, ऊन लागलं,’ डोमाजी कण्हत म्हणाले. माघ महिना होता.

‘किती गोळ्या खाल्ल्या?’ मी विचारलं.

सुभद्राबाईंनी सांगितलं. डोमाजींना दोन वर्षांपासून रात्री सतरा वेळा उठावं लागायचं, थेंब थेंब व्हायचं. बायको अचानक रात्रभर शांत झोपायला लागली हे यांनी पाहिलं. खोदून खोदून विचारलं तेव्हा तिनं गोळीचं सांगितलं, पण ही तुमच्यासाठी नाही, ताईनं बजावलं आहे, असंही सांगितलं. यांना वाटलं, बायको चिंगूसपणा करते. एका घरात दोघांचं दुखणं एकच, तर दवाही एकच. धानाच्या कोठीत लपवलेली पुडी शोधून काढली. बाईले एक पुरते, तं गड्याले दोन लागतील, असा हिशेब करून काल रात्री दोन आणि आज पहाटे आणखी दोन. पहाटेपासून एक थेंब नाही.

मी दुकानाला कुलूप घातलं आणि सरकारी दवाखान्यात त्यांच्याबरोबर गेले. दिवसाढवळ्या बंद दुकान बघून आमचे हे पुढे आठवडाभर बोलत होते, ती गोष्ट वेगळी.

दवाखान्यात डॉक्टरांनी रबरी नळी घातली. नळीखालचं भांडं धरायला डोमाजींचा धाकटा भाऊ झिबल उभा होता. भांडं भरलं, दुसरं आणावं लागलं, तेही भरत आलं. झिबल भांड्याकडे आणि भावाकडे आळीपाळीनं बघत म्हणाला, ‘दादा, हे सारं तुह्याच आत होतं?’ डोमाजींच्या चेहऱ्यावर असं सुख होतं की परिचारिका तोंड फिरवून हसली. मीही हसले. एवढा वेळ माझाही जीव टांगणीला लागला होता.

जिवात जीव आल्याबरोबर डोमाजींमधला घरधनी जागा झाला. खाटेवर पडल्या पडल्या म्हणाले, ‘तो जहर मी नाल्यात फेकून आलो. आता त्या गोळीचं नाव घरात काढायचं नाही.’

‘अन् मी उद्या लाखांदूरले कशी जाऊ?’ सुभद्राबाई म्हणाल्या.

‘लाखांदूर-फिकांदूर काही नाही. माणूस दवाखान्यात पडला हाय अन् तू कायले जातं?’

झिबलही म्हणाला, ‘हो ना वैनी. लोक काय म्हणतीन?’

बाकीच्यांनी माना डोलावल्या. खाटेभोवती कोंढ्याची आठ-दहा माणसं, सगळे पुरुष. गोळीचा विचारही आता माझ्या मनात नव्हता. या बाईनं आत्ता मान खाली घातली तर शकुन तिला कायमची गेली, एवढंच दिसत होतं. मी काही बोलणार, तेवढ्यात सुभद्राबाईच बोलल्या. आवाज चढवला नाही.

‘तुमचं एक दिवस अडलं तं सारं गाव ट्रकात बसून भंडाऱ्याले आलं. माहं तीन वर्सापासून अडून हाय. लेकीचं तोंड नाही पाहिलं. मी काहून जात नाही, असं एका तरी जणानं विचारलं का? तुमी विचारलं का?’

गावातल्या माणसांना एकाएकी ट्रकवाल्याची आठवण झाली आणि ते एकेक करून बाहेर गेले. डोमाजी भिंतीकडे तोंड करून पडले. नळीमुळे त्यांना नीट कुशीवरही होता येत नव्हतं. भिंतीकडे बघतच म्हणाले, ‘झिबल राहीन माह्यापाशी.’ आणि मग, ‘ताई, तिले गोळ्या देजा.’

डॉक्टरसाहेबांनी पुन्हा चिठ्ठी लिहून दिली. मी पुडी बांधली, या वेळी दोऱ्यानंही गुंडाळली. सकाळी पहिली गोळी घेऊन सुभद्राबाई दवाखान्यातूनच स्टँडवर गेल्या. मी सोडायला गेले होते. खिडकीशी बसल्या, हातात गडवा नव्हता. गाडी निघाली तेव्हा त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही, समोर बघत होत्या, परीक्षेला बसलेल्या मुलीसारख्या.

डोमाजींची ग्रंथी पुढे नागपूरला शस्त्रक्रिया करून काढली आणि ते ठणठणीत झाले. बाजारात भेटले की ‘दोन गोळ्यावाला आलो’ अशी स्वतःच ओळख द्यायचे. ऐंशीचं दशक सरता सरता पोटासाठी नवी औषधं आली आणि प्रोपॅन्थेलीनची मागणी आटत गेली. मूत्राशयासाठीही तिच्याहून नेमकं काम करणारी औषधं मागाहून आली. एक दिवस डबा संपला आणि तो पुन्हा भरावा असं कुणाला वाटलं नाही. मलाही नाही. दुकान आता मुलगा बघतो, दुपारी बंद ठेवतो. त्याचं गणित बरोबरच आहे, दुपारी गिऱ्हाईक नसतं. पण आजही बाराच्या सुमाराला माझे पाय तिकडे ओढतात. किती बायका नुसती डोकेदुखीची गोळी घेऊन निघून गेल्या असतील, हे मोजता आलं नाही याची हळहळ वाटते.

शकुन मी एकदाच पाहिली, त्याच वर्षी, पावसाळा लागायच्या आत. दुपारी एक तरुण बाई तान्ही पोर खांद्यावर घेऊन पायरीवर उभी राहिली. उंची आईची. मी विचारलं, काय देऊ? तर म्हणाली, काही नाही, तुमालेच पाहाले आली, मी कोंढ्याच्या सुभद्राबाईची लेक. मी तिला आत स्टुलावर बसवलं.

‘आईनं सांगितलं तुला?’ मी विचारलं.

‘मागून सांगतलं. आली तवा तं मी तिच्याशी बोलली नाही. दारात उभी होती, मी ये म्हणूनबी म्हटलं नाही.’ ती पोरीच्या पाठीवर थोपटत होती. ‘माह्या घरी ती आधी कधी पाणी पीत नव्हती, ताई. म्हणे, लेकीच्या घरचं पीत नसतात, आमचं जुनं वळण हाय. मले वाटे, माह्या घरचं तिले चालत नाही. लई राग ये.’

‘आणि या वेळी?’

‘या येळी दारातूनच म्हणाली, शकुन, तोंड सुकलं वं माहं, पाणी दे. मी गिलास दिला. तिथंच उभ्यानं प्याली, सारा. अन् म्हणाली, आणखी आण.’ पोर जागी होऊन तिच्या बांगड्या चोखत होती. ‘दुसरा गिलास भराले आत गेली, तं मले माठच दिसेना, ताई. इतकं डोळ्यात पाणी आलं.’